डीडीएसची हकीकत : वर्धा आणि पैनगंगा यांच्या मधल्या मुलखात

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या माणसाच्या अंगावर बधिर चट्टा उमटला आणि काही वर्षांनी त्याची बोटे आत वळू लागली, तर त्याच्यापुढे उपचाराचा म्हणून जो मार्ग होता तो जिल्ह्याची एखादी सरहद्द ओलांडूनच जात असे. या जिल्ह्याच्या पूर्वेकडून वर्धा वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा वाहते, आणि वणीच्या खाली दोघींचा संगम होतो. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आलेल्या वऱ्हाडचा हा आग्नेय कोपरा. आधी वणी जिल्हा या नावाने त्याचे दप्तर चालत होते आणि १९०५ मध्ये दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. काळी कसदार जमीन, तिच्यावर पऱ्हाटी, डोंगरपट्ट्यात कोलाम, गोंड आणि आंध यांची विरळ वस्ती, तांड्यांवर बंजारा, असा हा मुलूख आहे.

महारोग्याला आसरा देणारी स्थळे मात्र या मुलखाच्या भोवती, त्याच्या बाहेर होती. उत्तरेस अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनचे इस्पितळ होते. ईशान्येस वर्धा शहरालगत १९३६ पासून दत्तपूर होते. दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्यापुढची गोदावरीही उतरून गेल्यावर, निजामाच्या राज्यात, केर दांपत्याने उभे केलेले डिचपल्लीचे रुग्णालय होते. पुढे स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन झाले आणि वर्धा नदीपलीकडे वरोऱ्यास आनंदवन. या सर्वांना माझे वंदन आहे. तथापि रोग्याने घर सोडून औषधाकडे जावे ही शतकानुशतकांची रीत जिने उलटवली, आणि औषधालाच रोग्याच्या ओसरीपर्यंत चालत यावयास लावले, ती एक साधी पांढरी गोळी होती. आणि त्या गोळीचा इतिहास या संस्थांच्या इतिहासाइतकाच सांगण्याजोगा असूनही तो फारसा कोणी सांगितलेला नाही. डायअमिनोडायफेनिल सल्फोन हे तिचे रासायनिक नाव, डॅप्सोन हे औषधी नाव; पण खेड्यापाड्यांत, दवाखान्यांत व कुष्ठसेवकांच्या वह्यांत ती नांदली ती डीडीएस या तीन अक्षरांनीच.

गंधक आणि त्वचारोग यांचा संबंध या प्रदेशातील लोकांना नवा नव्हता. वैद्यांच्या बटव्यात शोधित गंधक असेच. पैनगंगेच्या परिसरात, किनवट तालुक्यात उनकेश्वर म्हणून स्थान आहे. तेथील उष्णोदकाच्या कुंडांत स्नान केल्याने त्वचेचे विकार जातात या श्रद्धेने नदीच्या दोन्ही बाजूंची माणसे तेथे जात आली आहेत, आणि महारोगाने ग्रासलेल्या शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते पाणी भूमीतून काढले अशी तेथील कथा आहे. खरूज-नायट्यासारख्या वरवरच्या विकारांवर गंधकाचा उपयोग होतो हे आधुनिक वैद्यकही मानते. महारोग मात्र केवळ त्वचेचा रोग नव्हे. तो मज्जातंतूंचा रोग आहे, त्वचेवर तो फक्त आपली खूण उमटवतो, आणि म्हणूनच कुंडातील पाण्याने अंगाला बरे वाटले तरी तळव्याला विस्तव कळेनासा होण्याचे काही टळत नसे.

आपल्या परंपरेत या रोगावर ज्याला खरोखर औषध म्हणता यावे असे एकच द्रव्य होते, ते तुवरकाचे तेल. सुश्रुताने चिकित्सास्थानात त्याचा विधी सविस्तर सांगितला आहे. आपल्याकडे त्या वृक्षाला कडूकवठ म्हणतात आणि सह्याद्रीच्या ओल्या रानात तो वाढतो. इंग्रजी अमदानीत त्याच्याच जातीच्या चालमुग्र्याचे तेल सर्वत्र वापरात आले आणि कलकत्त्यास रॉजर्स व म्यूर या डॉक्टरांनी त्यापासून सुईने टोचावयाची औषधे सिद्ध केली. सुई अतोनात दुखे, तिच्या जागी गाठी येत, आठवड्यामागून आठवडे व वर्षांमागून वर्षे ती घ्यावी लागे. सौम्य प्रकारच्या रोग्यांना तिने काही गुण येई, पण ज्यांच्या अंगात जंतूंचा सुळसुळाट झालेला असे अशांच्या बाबतीत तिने निश्चित काही साधत असे असे म्हणता येत नाही. तरीसुद्धा त्या काळच्या सर्व आशा त्या तेलातच होत्या, आणि ते घेण्यासाठी रोग्याला इस्पितळाच्या आवारातच मुक्काम करावा लागे, कारण सुई टोचणारा हात खेड्यात नव्हता.

सरकारने काय केले, तर मोजणी केली आणि कायदा केला. दर दहा वर्षांच्या खानेसुमारीत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी अशा चार व्यंगांचे रकाने असत, आणि गावच्या पाटील-पटवाऱ्यांच्या साहाय्याने ते भरले जात. ज्याच्या घरी लेकीचे लग्न ठरावयाचे असे त्याने आपल्या भावाची नोंद त्या रकान्यात होऊ दिली असेल असे मानण्याचे कारण नाही. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू दाखविला होता. १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात फिरलेल्या महारोग कमिशनने हा रोग सहसा संसर्गाने पसरत नाही आणि सक्तीने रोग्यांना वेगळे ठेवण्याचे कारण नाही असा अभिप्राय दिला होता. असे असता १८९८ मध्ये जो कायदा झाला त्याने भीक मागणाऱ्या व्रणग्रस्त रोग्याला वॉरंटाशिवाय अटक करून आश्रमात डांबण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि अधिसूचित प्रदेशांत त्याला अन्न विकण्यास व सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास बंदी केली. उपचार देता येत नसताना शिक्षा मात्र देता येते, हे या कायद्याचे सार आहे, आणि त्याबद्दल क्षोभ वाटल्यावाचून राहत नाही.

डीडीएसचा जन्म यांपैकी कशाशीही संबंध नसलेल्या जागी झाला. १९०८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एमिल फ्रोम आणि याकोब विटमन या रसायनशास्त्रज्ञांनी तो पदार्थ प्रथम तयार केला. मध्यभागी गंधकाचा एक अणू, त्याला जोडलेले प्राणवायूचे दोन अणू, दोन बाजूंना बेन्झिनची दोन कडी आणि प्रत्येक कड्याच्या टोकाला एकेक अमिनो गट, अशी त्याची रचना आहे. त्याचे पुढे काय करावयाचे याची त्यांना कल्पना नव्हती आणि तो पदार्थ एकोणतीस वर्षे संशोधनाच्या कागदांतच पडून राहिला. १९३० नंतरच्या दशकात प्रॉन्टोसिल व सल्फा औषधे यांनी वैद्यकात क्रांती केली, तेव्हा गंधकयुक्त संयुगांचा कसून शोध सुरू झाला. आणि १९३७ मध्ये लंडन व पॅरिस येथील दोन स्वतंत्र संशोधकगटांनी डीडीएस उंदरांवर वापरून पाहिला. तो जंतुनाशक म्हणून प्रभावी ठरला, पण विषारीही ठरला, आणि माणसाला देण्यास अयोग्य म्हणून बाजूस सारला गेला. वास्तविक त्याच्या मात्रेचा हिशेब चुकला होता. सल्फा औषधांप्रमाणे ग्रॅमांच्या मापाने दिला तर तो घातक खराच. परंतु ज्याची गरज शंभर मिलिग्रॅमांत भागते त्याला ग्रॅमांची मापे लावली गेली, आणि या एका गफलतीने जगातील लक्षावधी रोग्यांची दहा वर्षे गेली.

मधल्या काळात त्याचीच एक सौम्य केलेली संतती, प्रोमिन नावाची, अमेरिकेत क्षयावर तपासली जात होती. लुइझियाना संस्थानात मिसिसिपीच्या काठी कार्व्हिल येथे अमेरिकन सरकारचे महारोग्यांचे रुग्णालय होते, तेथे डॉ. गाय फॅगेट यांनी १९४१ मध्ये ते शिरेतून देण्यास आरंभ केला. महिनोन्‌महिने काही दिसेना. मग व्रण भरू लागले, चेहऱ्यावरच्या गाठी बसू लागल्या, घसा बंद होऊन गुदमरणाऱ्यांना श्वास घेता येऊ लागला. १९४३ मध्ये फॅगेट यांनी आपला वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि माणसाच्या लिखित इतिहासात प्रथमच या रोगावर निःसंशय गुणकारी औषध अस्तित्वात आले. मात्र प्रोमिन महाग होते आणि ते रोज शिरेत टोचावे लागे. पुसदच्या किंवा केळापूरच्या खेड्यातील रोग्याला ते असून नसल्यासारखेच होते.

यानंतरचा जो टप्पा तो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आपल्याच देशात पडला याचा मला अभिमान वाटतो. मद्रासजवळ चिंगलपुट येथील लेडी विलिंग्डन कुष्ठवसाहतीत डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे काम पाहत होते. प्रोमिन शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर होऊन शेवटी जे कार्य करते ते मूळचे डीडीएसच, तर मग महागडी संतती कशाला, असा विचार बळावत होता. डीडीएस त्या सुमारास गुरांच्या वैद्यकात, गाईच्या कासेला होणाऱ्या दाहावर, वापरले जात होते. कॉक्रेन यांनी १९४६ मध्ये ते तेलात कालवून सुईने रोग्यांना देण्यास सुरुवात केली, आणि विषारी म्हणून टाकून दिलेला पदार्थ बेताच्या मात्रेत माणसाला सोसतो हे दिसून आले. पुढचे पाऊल डॉ. जॉन लो यांनी नायजेरियात टाकले. ते औषध पोटातून द्यावे, अल्प मात्रेत द्यावे, गोळीच्या रूपाने द्यावे, असे त्यांनी ठरविले आणि १९४९ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सुई, शीर व इस्पितळ या तिन्ही गोष्टींची अनिवार्यता एकदमच संपली. हे लो म्हणजे आफ्रिकेत जाण्यापूर्वी डिचपल्लीस व नंतर कलकत्त्यास वर्षानुवर्षे काम केलेले गृहस्थ होते. यवतमाळच्या दक्षिणेस दोन नद्यांपलीकडे ज्या आवारात हा मनुष्य चालमुग्र्याच्या सुया टोचून टोचून थकला असेल, तेथेच गोळीची निकड त्याला प्रथम जाणवली असली पाहिजे असे मला राहून राहून वाटते.

इकडे वर्ध्याच्या परिसरात भूमी तयार होत होती, पण औषधाने नव्हे, सेवेने. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या संपर्कात आलेले संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री महारोगाने जर्जर होऊन १९३९ मध्ये सेवाग्रामच्या दारात आले, आणि गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा देऊन स्वहस्ते त्यांच्या अंगाला मालिश केले, हे सर्वश्रुत आहे. सल्फोन औषधे भारतीय रोग्याच्या हाती पडण्यापूर्वीच शास्त्रीबोवा निवर्तले. विनोबांचे शिष्य मनोहरजी दिवाण दत्तपूरला रोग्यांबरोबर राहत होते. गांधीजींनी विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेचा अंतर्भाव केला. हिंगणघाटास जन्मलेले, वरोऱ्यास वकिली व नगरपालिकेचे काम करणारे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले, आणि १९५१ मध्ये खडकाळ माळावर आनंदवन वसविले. बाबांच्या कार्याचा विचार करताना एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते: वसाहत उभी राहत असतानाच वरोऱ्याच्या आसपासच्या गावांतून त्यांनी आठवडी दवाखाने चालविले. सल्फोन हाती असल्यावाचून असल्या दवाखान्यांना अर्थ नव्हता. ज्याला झाडावरून पडलेल्या पानासारखे समाजाने फेकून दिले होते त्याच्या पुनर्वसनाचा प्रश्न बाबांनी आनंदवनात सोडविला. आणि ज्याला अजून कोणी फेकलेले नव्हते, ज्याच्या पाठीवर केवळ एक चट्टा होता, त्याला ते त्याच्या गावी जाऊन गोळी देत होते.

हा दुसरा विचार ज्यांनी शास्त्राच्या पायावर उभा केला ते डॉ. रामचंद्र वर्देकर. गांधीजींच्या स्मारकनिधीतून १९५१ मध्ये वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली तेव्हा आणखी एक भव्य आश्रम काढावा असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. पैसा होता, श्रद्धा होती, उदाहरणे डोळ्यांसमोर होती. वर्देकरांनी तसे केले नाही. त्यांचे म्हणणे असे की सर्व रोग्यांना सामावून घेईल एवढा आश्रम कोणालाच बांधता येणार नाही, आणि डीडीएसमुळे तो बांधण्याची गरजही उरलेली नाही. तेव्हा ठरावीक लोकवस्ती घ्यावी, तिच्यातील प्रत्येक माणसाचे शरीर तपासावे, लोकांना रोगाचे खरे स्वरूप समजावून सांगावे आणि जो रोगी सापडेल त्याला त्याच्या घरी औषध द्यावे. सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर त्यांनी सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांपासून काम आरंभिले. १९५५ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा हीच पद्धत त्याचा कणा झाली. माझ्या मते या देशाच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याहून मोठे धोरणात्मक धैर्य थोडेच सापडेल, कारण इमारत न बांधण्याचा निर्णय लोकांना दिसत नाही आणि म्हणून त्याचा गौरवही होत नाही.

या पद्धतीचा प्रत्यक्ष वाहक म्हणजे सायकलवरून हिंडणारा कुष्ठतंत्रज्ञ. त्याच्या पिशवीत पिसाचे टोक वा कापसाची वात असे, टाचणी असे आणि डीडीएसचा डबा असे. तो घरोघर जाई, पुरुषांना अंगरखा काढावयास सांगे, लहान मुलांना उजेडात उभे करी. चट्ट्यावर कापूस फिरवून डोळे मिटलेल्या माणसाला विचारी की कुठे लागले ते बोट ठेवून दाखव. शाळेच्या वर्गात हे काम सोपे, स्त्रियांच्या बाबतीत फार अवघड. चट्टा दाखविला तर गावात बोभाटा होईल या भीतीने बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे तपासणीच्या दिवशी शेतात निघून जात. म्हणून जाणता कुष्ठतंत्रज्ञ फक्त एखाद्याच्याच घरी थांबत नसे. आळीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर थांबून मगच इच्छित घरी वळे.

कापसाच्या मुलखात या रोगाचे एक विशेष क्रौर्य आहे. बोंड फुटल्यावर त्याची वाळलेली टरफले सुईसारखी टोकदार होतात आणि वेचणी करणाऱ्या निरोगी बाईच्या बोटांनाही ओरखडे पाडतात. पण ती हात मागे घेते. जिच्या बोटांची संवेदना गेली आहे ती मागे घेत नाही, दिवसभर वेचीत राहते, संध्याकाळी त्याच हातांनी चुलीतले लाकूड सारते, आणि जखमा चिघळून हाडापर्यंत गेल्यावरच तिला त्या दिसतात. बोटे रोगाने आपोआप झडतात असा जो समज होता तो वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी खोटा ठरविला: बोटे जातात ती वेदना नसल्यामुळे झालेल्या इजांनी. यावरून डीडीएसची मर्यादाही कळते. ही गोळी जंतूंना लागणारे फॉलिक आम्ल तयार होऊ देत नाही, आणि त्यामुळे त्यांची वाढ खुंटते; मेलेला मज्जातंतू मात्र ती जिवंत करू शकत नाही, वाकलेले बोट सरळ करू शकत नाही. चट्टा नवा असताना गोळी सुरू झाली तर माणूस धडधाकट राही, उशिरा सुरू झाली तर रोगमुक्त होऊनही विद्रूप राही, आणि गाव त्याला रोगीच समजे.

शिवाय हा जंतू विलक्षण संथ आहे. दोन आठवड्यांच्या सुमारास तो एकदा दुभंगतो. म्हणून त्याच्यावरचा इलाजही संथ. सौम्य प्रकारात काही वर्षे आणि उग्र प्रकारात जन्मभर गोळी घ्यावी असे सांगितले जाई. मध्येच कधी ताप येई, जुने चट्टे लाल होऊन सुजत, नसा ठणकत; रोगी समजे की गोळीनेच घात केला, आणि ती टाकून देई. काहींना रक्तक्षय होई, क्वचित अंगावर भयंकर पुरळ उठून प्राणावर बेते. बहुतेकांच्या बाबतीत मात्र गोळी सोडण्याचे कारण याहून साधे होते: चट्टा पुसट झाला की आपण बरे झालो असे वाटे. पेरणीच्या दिवसांत किंवा वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून केंद्रावर कोण जाणार? त्याला दोष देण्याचा अधिकार जन्मभर रोज एक गोळी घेऊन पाहिलेल्यालाच आहे.

तज्ज्ञांकडूनही एक चूक झाली. उंदराच्या तळपायात हा जंतू वाढविण्याची युक्ती १९६० मध्ये अमेरिकेच्या शेपर्ड यांनी शोधली आणि त्या प्रयोगांत अत्यल्प डीडीएसनेही जंतू खुंटतात असे दिसले. तेव्हा मात्रा कमी ठेवावी, रोग्याला त्रासही कमी होईल, असा सल्ला काही काळ प्रचलित झाला. पण १९६४ मध्येच मलायातील सुंगाई बुलोह येथील रोग्यांत डीडीएसला न जुमानणारे जंतू पेटिट व रीस यांनी सिद्ध करून दाखविले होते. कमी मात्रा, अनियमित सेवन आणि एकटेच औषध या तिहेरी कारणांनी प्रतिकार वाढत गेला, आणि १९७० नंतरच्या दशकात बरा झालेला रोगी पुन्हा चट्टे घेऊन दवाखान्यात येण्याचे प्रसंग जगभर वाढले. ज्या गोळीवर एक अख्खा राष्ट्रीय कार्यक्रम उभा होता तिच्यावरचीच भिस्त ढासळू लागली.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने निर्णय दिला की यापुढे डीडीएस एकटे देऊ नये. त्याच्या जोडीला रिफाम्पिसिन व उग्र प्रकारात क्लोफाझिमीनही द्यावे. हा बहुविध औषधोपचार भारतात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाला त्यांत बंगालमधील पुरुलियाबरोबर आपला वर्धा जिल्हा होता. घरोघर तपासणी करून रोग्यांची यादी या जिल्ह्यात अगोदरच तयार होती, आणि वर्देकरांच्या चिकाटीचे फळ असे अनपेक्षित मार्गाने हाती आले. १९८३ मध्ये नियंत्रण कार्यक्रमाचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि ही पद्धत क्रमाक्रमाने देशभर पसरली. पूर्वी जन्मभर चालणारा उपचार वर्ष-दोन वर्षांवर आला. आज तो सौम्य प्रकारात सहा महिने आणि उग्र प्रकारात बारा महिने इतका ठरलेला आहे. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले. पण राष्ट्राची सरासरी ही जिल्ह्याजिल्ह्याची हकीकत नव्हे, आणि विदर्भाच्या पूर्वभागात नवे रुग्ण त्यानंतरही सापडत राहिले. १८९८ चा तो कायदा तर २०१६ पर्यंत पुस्तकात होता. म्हणजे उपचार सापडल्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे अटकेचा अधिकार जिवंत राहिला.

रिफाम्पिसिनसमोर डीडीएस आज दुय्यम झाले आहे खरे, परंतु ते हद्दपार झालेले नाही. रोग्याला मिळणाऱ्या अठ्ठावीस दिवसांच्या वेष्टनात एक दिवस असा असतो की त्या दिवशीच्या औषधांचा मोठा डोस आरोग्यसेवकाच्या समोर घ्यावयाचा. उरलेले सत्तावीस दिवस रोगी आपल्या घरी, आपल्या हाताने औषध घेतो, आणि त्या प्रत्येक दिवसाच्या खळग्यात शंभर मिलिग्रॅम डॅप्सोनची गोळी असते. यवतमाळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून हे वेष्टन विनामूल्य मिळते. ते घेण्यासाठी वर्धा उतरावी लागत नाही, पैनगंगाही उतरावी लागत नाही.